अडीच आटे आणि शिवणींच्या दोन रांगा : एका स्लॅलम रायडरचा रेसिंग संच संग्रहालयात येतो तेव्हा

पार्श्वभूमी

नायलॉनची एक मोठी बॅग, तिची चेन अर्ध्यावर अडकलेली. आत एकसंध लेदर सूट, हेल्मेट, गुडघ्याचे आणि कोपराचे पॅड, हातमोज्यांचा जोड, टेप गुंडाळलेले कॅनव्हासचे बूट, फायबरग्लासच्या डेकचा (पाय ठेवायच्या फळीचा) ७२ सेंटिमीटर लांबीचा स्केटबोर्ड, कॉफीच्या डब्यात दोन सुटी चाकं आणि शर्यतीत छातीवर लावायचे चार नंबर, गंजलेल्या सेफ्टी पिनांसकट. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या एका मध्यम आकाराच्या संग्रहालयाकडे हा ऐवज आला. देणाऱ्या बाई १९७० च्या दशकात स्केटबोर्डच्या स्लॅलम (शंकूंच्या रांगेतून वळत जायच्या) आणि उतारावरच्या शर्यती खेळलेल्या मोजक्या स्त्रियांपैकी एक. त्यांचं, संग्रहालयाचं आणि शर्यतींचं नाव इथे मुद्दाम दिलेलं नाही. बॅग अनेक वर्षं घरच्या गॅरेजमध्ये होती.

तो काळ थोडक्यात सांगायला हवा, कारण वस्तूंचं वय त्यावरूनच ठरतं. मे १९६५ मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर पॅटी मॅगी स्केटबोर्डवर हातांवर उभ्या राहिलेल्या दिसतात. अंगावर ना हेल्मेट, ना पॅड. तेव्हाची चाकं क्ले मिश्रणाची असत आणि खडा लागला की जागीच थबकत. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रँक नॅसवर्दी यांनी युरेथेनची (पॉलीयुरेथेन या लवचीक प्लास्टिकची) चाकं ‘कॅडिलॅक व्हील्स’ या नावाने विकायला सुरुवात केली. १९७५ च्या सुमारास सुट्या गोळ्यांऐवजी सीलबंद प्रिसिजन बेअरिंगची चाकं आणि रुंद ॲक्सलचे ट्रक (डेकखाली चाकं धरणारे धातूचे जोड) आले. चाक रस्त्याला धरून राहू लागलं, वेग वाढला. त्याच वर्षी लॉस एंजेलिसजवळच्या सिग्नल हिलवर उतारावरच्या शर्यती सुरू झाल्या आणि त्यांतल्या अपघातांनी लेदर सूट आवश्यक ठरवला.

तो सूट बायकांसाठी सहसा कोणी शिवत नव्हतं. मोटरसायकलवाल्यांचा पुरुषी सूट घ्यायचा आणि घरी आत घ्यायचा. पॅड मुलांच्या मापाचे किंवा व्हॉलीबॉलचे. स्त्री रायडरांचं सामान संग्रहालयांकडे कमी येतं त्याचं हेही एक कारण: ते ‘बायकांचं’ म्हणून ओळखूच येत नाही. अलीकडे चित्र बदलतंय. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनच्या राष्ट्रीय अमेरिकी इतिहास संग्रहालयात पॅटी मॅगी, स्केटबोर्डर सिंडी व्हाइटहेड आणि सांताक्रूझच्या स्लॅलम रायडर जूडी ओयामा यांच्या वस्तू आहेत.

अडचण

क्युरेटरला आठ महिन्यांवर आलेल्या प्रदर्शनासाठी हा संच हवा होता, तोही शर्यतीच्या पवित्र्यात: पुतळा गुडघ्यात वाकलेला, पाय बोर्डवर, समोर शंकूंची रांग. संवर्धकांनी बॅग उघडली तेव्हा चार गोष्टी एकदम समोर आल्या.

सूटच्या गुडघ्यांतला फोम पार भुगा झाला होता. सूट उचलला की पोटऱ्यांच्या अस्तरात पिवळी पूड वाळूसारखी सरकत खाली जायची.

डब्यातली दोन चाकं एकमेकांना आणि डब्याच्या बुडाला चिकटली होती. पृष्ठभाग ओल्या गुळासारखा. पावसाळ्यानंतर माळ्यावरून काढलेल्या स्पोर्ट्स शूजचा सोल पायाखाली पिचतो, तो ज्यांनी पाहिलाय त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. तो सोलही बहुधा पॉलीयुरेथेनचाच असतो.

कोपराच्या पॅडची टोपी पीव्हीसीची होती. बॅगेत हा पॅड हेल्मेटच्या आत कोंबलेला होता. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून घातलेलं तेलकट प्लास्टिसायझर बाहेर पाझरलं आणि त्याने हेल्मेटचं थर्माकोलचं अस्तर विरघळवलं. अस्तरात टोपीचा ठसा उमटला होता, तिच्यावरच्या चार रिबिटांसकट. साच्यातून काढावा इतका स्वच्छ.

आणि बोर्डवरची चाकं १९७० च्या दशकातली नव्हतीच. बाईंनी पुढे वीस वर्षांनी, पुन्हा शर्यतीत उतरताना, नवी चाकं बसवली होती. जुन्या चारांपैकी दोन डब्यात उरली, दोन हरवली.

शेवटच्या गोष्टीवरून सगळ्यात जास्त वाद झाला, म्हणून तिच्याकडे आधी.

पर्याय : कुठल्या वर्षीचा बोर्ड दाखवायचा?

क्युरेटरचं पहिलं मत सरळ होतं. प्रदर्शन १९७० च्या दशकाचं आहे, तर जुन्या सामानाच्या बाजारातून त्या काळातली चाकं विकत घ्यायची आणि बोर्ड ‘तसा’ करायचा. चार चाकं मिळणं अवघड नव्हतं. जमवणाऱ्यांचा बाजार मोठा आहे.

दुसरा पर्याय, डब्यातली दोन मूळ चाकं एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला प्रतिकृती. तिसरा, चाकांशिवाय नुसता डेक आणि ट्रक. चौथा, आला तसाच बोर्ड, नंतरच्या चाकांसकट.

विकत घेतलेल्या चाकांवर संवर्धकांचा आक्षेप होता की ती त्या काळातली असतील, पण त्यांची नसतील. स्लॅलममध्ये चाक ही रायडरची निवड असते. पुढे मऊ, मागे किंचित कडक, एखादं झिजलं की आतल्या बाहेरच्या बाजूंची अदलाबदल. दुसऱ्याच कुणाच्या झिजेची चाकं लावली तर प्रेक्षक ती झीज या बाईंची म्हणून वाचणार. दोन मूळ चाकं बोर्डवर लावणं तर शक्यच नव्हतं, कारण ॲक्सलवर बसवताना हाताचा दाब पडला की पृष्ठभागावर बोटं उमटली असती. ड्युरोमीटरने कडकपणा मोजायचं कुणीतरी सुचवलं. तेही टाळलं. निरोगी चाकावर त्याची सुई खूण ठेवत नाही, चिकट झालेल्यावर खड्डा ठेवते.

चौथा पर्याय निवडला. यामागचं खरं कारण तात्त्विक कमी आणि साधं जास्त होतं: बोर्ड शेवटचा वापरला गेला तो याच चाकांवर, आणि स्त्री रायडर वीस वर्षांनी परत शर्यतीत उतरते हीसुद्धा गोष्टच आहे. पाटीवर दोन्ही वर्षं लिहायची ठरलं.

काय केलं

येणारं कापड आणि चामडं कीड मारण्यासाठी उणे ३० अंशांवर तीन दिवस गोठवायचं, हा त्या संग्रहालयाचा शिरस्ता. बॅग आल्या दिवशीच फ्रीझरकडे निघाली होती. पीव्हीसी त्या तापमानाला काचेसारखं ठिसूळ होतं आणि नुसत्या धक्क्यानेही तडकू शकतं. म्हणून बॅग परत फिरवली आणि वेगळ्या खोलीत चिकट सापळे लावून चार आठवडे नजरेखाली ठेवली. किडीचा मागमूस दिसला नाही.

मग प्रत्येक वस्तूला नोंदणी क्रमांक, फोटो आणि स्थितिअहवाल. संच एका नोंदीखाली, पण प्रत्येक तुकड्याला उपक्रमांक: चाकं दोन, नंबर चार, पिना आठ. पिनांचा गंज नंबरांवर पसरत होता, म्हणून त्या काढून वेगळ्या पुडीत ठेवल्या आणि कुठली पिन कुठल्या कोपऱ्यातली ते लिहिलं.

फोम आणि चाकं : एकच नाव, दोन आजार

सुरुवातीची योजना होती की सगळं पॉलीयुरेथेन ऑक्सिजनविरहित पिशवीत ठेवायचं. ऑर्डर जाण्याआधी संवर्धकाने दोन्हींचे टाचणीच्या डोक्याएवढे नमुने इन्फ्रारेड वर्णपटाला लावले आणि योजना बदलली. गुडघ्यातला फोम पॉलीईथर जातीचा निघाला. त्याचा शत्रू ऑक्सिजन आणि उजेड. तो कोरडा होऊन पिवळी पूड होतो. चाकं पॉलीएस्टर जातीची. त्यांना पाणी खातं: हवेतला दमटपणा साखळ्या तोडतो, त्यातून आम्ल सुटतं, ते आम्ल पुढची तोडफोड वेगाने करतं, आणि वरचा थर चिकट होतो. अशा चाकाभोवतीचा ऑक्सिजन काढला आणि दमटपणा तसाच ठेवला, तर खर्च झाला एवढंच.

चाकं एकमेकांपासून सोडवायला दीड दिवस गेला. डबा थोडा वेळ थंड खोलीत ठेवला की चिकटपणा कमी होतो. मग सिलिकॉनचा थर असलेली पातळ फिल्म दोन चाकांच्या मध्ये मिलिमीटर-मिलिमीटर सरकवायची. एका चाकाचा नखाएवढा तुकडा डब्याला राहिला. तो डब्यासकट जपलाय. आता चाकं तशाच फिल्मवर, हवाबंद पेटीत, ३० टक्के सापेक्ष आर्द्रतेला तयार केलेल्या सिलिका जेलसोबत, थंड कपाटात आहेत. प्रत्येक चाक वेगळ्या कप्प्यात.

फोम मात्र वाचवण्यासारखा उरलाच नव्हता. प्रश्न होता तो काढायचा कसा. अस्तर उसवलं की पूड सहज निघाली असती, पण गुडघ्यापाशी अस्तराची शिवण बाईंच्या हाताची होती, फॅक्टरीची नव्हे. ती उसवायची नाही, यावर एकमत झालं. उजव्या पायाच्या तळाशी अस्तर आधीच चार सेंटिमीटर फाटलेलं होतं. तिथून आत तपासणीचा बारीक कॅमेरा आणि शेजारी पातळ नळी घालून, हेपा फिल्टरच्या व्हॅक्यूमने कमी ओढीवर पूड काढली. डाव्या पायाला फाट नव्हती, म्हणून चेनच्या कडेची फॅक्टरीची शिवण सहा टाके उसवली आणि नंतर त्याच भोकांतून परत घातली. पाच ग्रॅम पूड काचेच्या कुपीत ठेवली, तीही ऑक्सिजन शोषणाऱ्या पुडीसोबत हवाबंद पिशवीत. त्या पिशवीत दीड लिटर हवा, म्हणजे साधारण ३१५ मिलिलिटर ऑक्सिजन. ५०० मिलिलिटर क्षमतेची एक पुडी पुरली. दर्शक गोळी गुलाबी राहिली पाहिजे. निळी झाली की पिशवी गळतेय.

सूटवरच्या खुणा कशा वाचल्या

चामड्याला पडलेलं सुईचं भोक कापडासारखं मिटत नाही. उसवलेली शिवण भोकांच्या रांगेत कायमची दिसते, आणि हा सूट वाचला गेला तो त्यामुळेच.

लेबलवर पुरुषी ४० नंबर. फॅक्टरीची मूळ शिवण काठाला. तिच्या आत सहा सेंटिमीटरवर भोकांची एक रिकामी रांग, आणि आणखी दोन सेंटिमीटर आत सध्याची शिवण, जाड नायलॉनच्या दोऱ्याची, घरगुती मशीनवर मारलेली. चामडं जाड म्हणून मशीनने जागोजागी टाका सोडलाय. म्हणजे कमरेत दोनदा आत घेतलाय. पाठीत दोन टक्स. बाह्या चार सेंटिमीटर दुमडलेल्या, त्या हाताने टाचलेल्या. खांदे मात्र तसेच ढगळ, कारण खांदा सोडवायचं काम घरी होत नाही. ढगळ खांद्याचं चामडं वेगात फडफडतं, आणि ते टाळायला दोन्ही दंडांवर रबरी पट्ट्या बांधल्याच्या गडद खुणा आहेत. पट्ट्या आल्या नव्हत्या. विचारल्यावर बाईंनी सांगितलं: सायकलच्या जुन्या ट्यूबच्या होत्या.

डाव्या मांडीवर आणि डाव्या कोपरावर घसरल्याचे ओरखडे आहेत, त्यांत डांबराचे काळे कण रुतलेले. उजवी बाजू जवळपास कोरी. डावा हातमोजाही जास्त झिजलेला. बोर्डच्या ग्रिप टेपवरच्या (पाय घसरू नये म्हणून डेकवर चिकटवलेल्या खरखरीत पट्टीवरच्या) झिजेशी हे जुळतं: उजवा पाय पुढे, म्हणजे छाती जायच्या दिशेच्या डावीकडे. ही रायडर गूफी पवित्र्यात खेळायची आणि वळणात छातीच्या बाजूने पडायची. बाईंनी हे न विचारता सांगितलं असतं, पण दहा वर्षांनी विचारायला कोण असेल ते सांगता येत नाही. त्यामुळे वस्तूवरून काय कळतं आणि बाईंच्या तोंडून काय कळलं, हे दोन वेगळ्या रकान्यांत लिहिलंय.

तारखेच्या बाबतीत दोन्ही रकाने भांडले. पॅड पहिल्या मोसमापासूनचे, असं बाईंना आठवत होतं. पण पहिल्या मोसमातल्या त्यांच्याच फोटोत गुडघ्याला व्हॉलीबॉलचे मऊ पॅड दिसतात. नोंदीत दोन्ही ठेवलं. आठवण खोडली नाही, फोटोही दडवला नाही.

मांडणी

वाकलेल्या पुतळ्याचा हट्ट क्युरेटरने सोडला तो एका प्रयोगानंतर. सूटचा गुडघा हाताने फक्त १५ अंश वाकवला, आणि ओरखड्याच्या कडेने केसाएवढी चीर दिसू लागली. तिथेच थांबले. पॉलीइथिलीनच्या फोमचं धड कोरून, त्यावर पॉलिएस्टरची वॅडिंग आणि मऊ विणीचं कापड चढवून सूट उभा, किंचित मागे रेललेला ठेवला. पवित्रा मागच्या भिंतीवरच्या मोठ्या फोटोत दाखवला.

फोटोनेही घाम फोडला. बाईंनी आपली प्रत दिली होती आणि सगळ्यांनी गृहीत धरलं की हक्कही मिळाले. हक्क फोटोग्राफरचे. पत्रव्यवहार करून परवानगी येईपर्यंत उद्घाटनाला नऊ दिवस उरले होते.

प्रकाश ५० लक्स, अतिनील फिल्टर, सूट सहा महिन्यांपेक्षा जास्त दालनात नाही.

काय चुकलं

चार गोष्टी. पहिली लहान दिसते, पण भरून निघणारी नाही.

डाव्या गुडघ्यावर राखाडी डाग होता. एका साहाय्यकाने नेहमीच्या पद्धतीने ओलसर बोळ्याने तो पुसला. तीन सेंटिमीटरचा पट्टा स्वच्छ झाला. बोळा भिंगाखाली घेतला तेव्हा कळलं, ती रस्त्याची पूड होती. घसरताना चामड्यात घुसलेली. बोळा आता संचाचाच भाग आहे, त्याला वेगळा उपक्रमांक आहे.

दुसरी चूक पॅडची. पीव्हीसीच्या टोप्या आम्लरहित टिश्यू कागदात गुंडाळल्या, जसं बाकी सगळं गुंडाळतात. कागदाने प्लास्टिसायझर शोषून घेतलं, तीन आठवड्यांत तो चिकटला आणि टोपी आणखी कडक झाली. पीव्हीसीखाली शोषणारं काही नको. काच किंवा पॉलिएस्टर फिल्म. पेटी बंद, जागा थंड, आणि फोम किंवा थर्माकोल आसपासही नको.

तिसरी चूक दानपत्राची. बाईंना दरवर्षी जुन्या रायडरांच्या मेळाव्यात त्या बोर्डवर एक फेरी मारायची होती, आणि तोंडी कुणीतरी ‘बघू’ म्हणालं होतं. सही झाल्यावर ‘नाही’ सांगावं लागलं. त्या दुखावल्या, आणि रास्तच. शेवटी तोडगा निघाला: ठरवून यायचं, भांडारात बोर्ड हाताळायचा, हातमोजे घालून, चालवायचा नाही. किंमत किती लावायची हेही त्यांनी विचारलं होतं. अमेरिकेत ते संग्रहालयाने सांगायचं नसतं. करसवलतीसाठी पाच हजार डॉलरच्या वर दाव्याला स्वतंत्र मूल्यमापक लागतो. ही दोन्ही बोलणी बॅग घ्यायच्या आधी व्हायला हवीत, नंतर नव्हे.

चौथी चूक पुढच्या ट्रकची. गंज पाहायला ट्रक सुटा करायचं ठरलं. पाना लावला, किंगपिनचा (ट्रकमधल्या मुख्य बोल्टचा) नट सैल केला, बुशिंग (त्या बोल्टभोवतीच्या मऊ कड्या) दबलेले होते ते फुगले. तेव्हा भांडारात आलेल्या बाईंनी विचारलं, “तो किती घट्ट होता?” कुणी पाहिलं नव्हतं.

स्लॅलम रायडरसाठी तो नट म्हणजे तिची सही असते. सैल ठेवला की बोर्ड पटकन वळतो, पण उतारावर वेगात थरथरू लागतो. घट्ट ठेवला की सरळ जातो, पण जवळजवळच्या शंकूंमधून वळायला उशीर होतो. पुढे आणि मागे वेगवेगळं ठेवतात. नटाच्या वर किती आटे दिसतात, यावरून ते कळतं.

काय निष्पन्न झालं

प्रदर्शन वेळेवर उघडलं. सहा महिन्यांनी सूट तपासला तेव्हा गुडघ्यावरची चीर वाढलेली नव्हती. पॅडच्या पेटीतली आम्लदर्शक पट्टी निळ्याची हिरवी झाली होती, म्हणून पेटी आणखी थंड कपाटात हलवली. हेल्मेटच्या अस्तरातला ठसा दुरुस्त करण्याचा प्रस्ताव फेटाळला. तो पाहायला लोक काचेला नाक लावतात.

पुन्हा करायचं झालं तर क्रम बदलायला हवा. आधी बाईंशी बोलणं, वस्तू त्यांच्यासमोर टेबलावर, रेकॉर्डर चालू. मग मोजमाप, मग प्लास्टिकची ओळख, आणि पाना-बोळा सगळ्यात शेवटी. या प्रकरणात मुलाखत पाचव्या आठवड्यात झाली. ती पहिल्या आठवड्यात झाली असती तर ट्यूबच्या पट्ट्यांबद्दल आधी कळलं असतं, आणि गॅरेज रिकामं होण्यापूर्वी त्या शोधता आल्या असत्या.

मागचा ट्रक मग कुणी सुटा केला नाही. त्याचा चारही बाजूंनी मोजपट्टीसह फोटो काढला आणि नटावर दिसणारे आटे मोजले: अडीच. पुढच्या ट्रकच्या रकान्यात लिहिलंय, ‘संग्रहालयात सैल केला. मूळ स्थितीची नोंद नाही.’ खाली तारीख आणि सही.